बाळाजवळचा थर्मामीटर

एप्रिलमधल्या त्या दुपारी पाच आठवड्यांच्या ऋतुजाच्या अंगावर सात वस्तू होत्या: सुती झबलं, लोकरीचा स्वेटर, कानटोपी, हातमोजे, पायमोजे, दुपटं आणि वर गोधडी. तिचे आजोबा तिला बाहेरच्या खोलीत, माझ्यासमोरच गुंडाळत होते, म्हणून नीट मोजता आलं. मोजणं हेच माझं काम. मित्रांनो, लाकडी पाटीवर बसवलेला, लाल रेघेचा जुना थर्मामीटर आहे मी.

माझी काचेची नळी कुणी घडवली ते आठवत नाही. शून्याची खूण करताना मला बर्फात बुडवलं, तो गारठा मात्र आठवतो. मग एकोणीस वर्षं मी खडकीत दारूगोळ्याच्या कोठारात काढली. तिथे कामाला असलेले हेच आजोबा, भीमराव, दर दोन तासांनी मला वाचत आणि आकडा वहीत लिहीत. रेघ चढली की झरोके उघडत. हा कधी चुकत नाही, असं ते साहेबांना सांगत, तेव्हा फार बरं वाटे. पुढे डिजिटल यंत्रं आली आणि मी अडगळीत गेलो. निवृत्तीच्या दिवशी भीमरावांनी मला रीतसर मागून घेतलं आणि घरी खिळ्यावर टांगलं. पाटीवर धूळ बसत गेली, तरी सवयीने ते मला रोज वाचत.

त्यांची मुलगी पायल बाळंतपणाला माहेरी आली होती. ऋतुजा दर वीस मिनिटांनी रडत उठे. तिच्या मानेवर घामोळं उठलं होतं. पायलला सलग तासभर झोप मिळून कितीतरी दिवस झाले होते. डॉक्टरीणबाईंनी कपडे कमी करायला सांगितले, पण भीमराव ऐकेनात. पायल एवढीशी असताना न्यूमोनियाने आठ दिवस दवाखान्यात होती, ते त्यांच्या मनातून गेलं नव्हतं. ते नातीची पावलं चाचपत, गार लागली की आणखी एक कपडा चढवत आणि तिला आतल्या खोलीत निजवून दार लावून घेत. कुणी काही म्हटलं की माझ्याकडे बोट दाखवत. एकोणतीस अंश, कुठे उकडतंय?

आकडा खरा होता. पण मी होतो उत्तरेच्या भिंतीवर, आणि बाळ पश्चिमेच्या बंद खोलीत.

त्या दिवशीही ऋतुजा रडत उठली. आतल्या खोलीच्या दारात तिला घेऊन, पदराने मान पुसत तिची आजी चंद्रभागाबाई नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, तुमच्या तोफगोळ्यांचं नशीब बरं होतं. गरम झालं की झरोके तरी उघडायचात."

भीमराव पुन्हा माझ्याकडे वळले. तेव्हा पायलने शांतपणे विचारलं, "अण्णा, कोठारात हा कुठे टांगायचात? ऑफिसात की पेट्यांजवळ?"

भीमरावांनी मला खिळ्यावरून काढलं.

"पेट्यांजवळ," म्हणाले, आणि मला आत घेऊन गेले.

दहा मिनिटांनी माझी रेघ साडेतेहतीसवर थांबली. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. पायलने त्यांचा हात बाळाच्या मानेमागे ठेवला. मान ओली होती. तान्ह्या बाळाची पावलं जराशी गार असतातच, पाहायची ती मान आणि छाती, हे डॉक्टरीणबाईंचं सांगणं त्यांनी आता कुठे ऐकलं. स्वेटर आणि टोपी त्यांनी स्वतःच उतरवली. बाळाचं अंथरूण बाहेरच्या खोलीत आलं, पंखा मंद फिरू लागला. मला अंथरुणाजवळच, पण बाळाच्या हाती लागणार नाही असा, नवा खिळा मिळाला.

मित्रांनो, आम्हा मोजणाऱ्यांना जपा. अधूनमधून आमची धूळ पुसा, आम्हाला उन्हात टांगू नका. आणि आमचं ऐकण्याआधी आम्ही कुठे आहोत ते पाहा. मी एकोणतीस सांगत होतो ते खोटं नव्हतं, तरी भिंतीपलीकडे एक बाळ घामाने भिजत होतं. त्याची थोडी रुखरुख आहे. बाकी आता मी मजेत आहे.

दुसऱ्या दिवशी भीमरावांनी वहीत लिहिलं: दुपारी एक ते तीन. बाळाजवळ अठ्ठावीस अंश. अंगात एक झबलं. मान कोरडी. झोप एक तास पन्नास मिनिटं.