कवठाएवढा पुरावा

पंचावन्न सालच्या उन्हाळ्यात डॉक्टर दिनकररावांनी गंगाखेडच्या दवाखान्यात आश्रुबा मेंढपाळाचा मुतखडा काढला. कवठाएवढा. आश्रुबा जगला याचं त्यांना बरं वाटलं. खडा अख्खा निघाला याचं जरा जास्तच.

त्यानंतर हैदराबादच्या सर्जन परिषदेला ते दोन वर्षं या खड्यावरचा निबंध पाठवत होते आणि परिषद दोन वर्षं तो परत पाठवत होती. तालुक्याच्या गावी असलं काही होत नसतं, असं तिचं मत. या खेपेला उत्तर आलं: नमुना घेऊन या, मग दहा मिनिटं मिळतील.

नमुना दवाखान्यात नव्हता. कुलपाचं कपाट एकच, त्यात सरकारी शाई. म्हणून त्यांनी खडा आश्रुबाच्या बायकोकडे, केवळाबाईकडे दिला होता. लय जपून ठेवा, कुणाचा हात लागता कामा नये, असं बजावून.

तिनं शब्द पाळला. मेंढरांच्या वाड्याशी, लिंबाखाली, खडा शेंदूर लावून बसवला. देवाला कोण हात लावतंय? त्यात तेव्हापासून एक मेंढरू दगावलं नाही. आपण काढलेला मुतखडा बघायला दिनकररावांना चपला काढाव्या लागल्या.

"आमची ना न्हाई," केवळाबाई म्हणाली, "पर त्येला इचारावं लागंल."

म्हणजे कौल. देवाच्या दोन्ही अंगांना ओले ज्वारीचे दाणे चिकटवायचे. आधी उजवा पडला तर देव राजी, डावा पडला तर नाही. दाणे हातात घेऊन ती थांबली. खडा चहूकडून गोल.

"डाक्टरसाब, आत असताना ह्येचं तोंड कुणीकडं होतं? तुमीच बघितलंय."

आश्रुबानं मान डोलावली. पोट त्याचं होतं, पण तो क्लोरोफॉर्मखाली होता.

दिनकररावांना निबंधातली आकृती आठवली. त्यांनी दिशा दाखवली, आणि खरी दाखवली. तिथंच चुकलं.

डावा पडला.

पुन्हा लावायला सांगितलं. डावाच. मग ते म्हणाले, सांगताना माझंच उलटसुलट झालं असेल.

"मंग कापताना कसं वळखलं?" केवळाबाईनं शांतपणे विचारलं.

आश्रुबानं पोटावर हात ठेवला.

दिनकररावांनी चपला घातल्या. दवाखान्यात येऊन कुलूप उघडलं, सरकारी शाई काढली आणि परिषदेला लिहिलं: नमुना सुस्थितीत आहे, पण यायला राजी नाही. तरी परिषदेनंच इकडे यावं. येताना नारळ आणावा.