आठवं कलम

दुसरं वेटोळं पहिल्यापेक्षा जरा मोठं, आणि शेवटी बारीकशी वर वळलेली शेपटी... असा ळ काढणारं माणूस क्रांतीच्या ओळखीत एकच होतं — ती स्वतः. झेरॉक्सवर झेरॉक्स मारून कागद करडा पडला होता, कडेला मशीनची काळी पट्टी उमटली होती, पण ‘शाळा’ शब्दातला तो ळ लपत नव्हता. वर मथळा, ‘हमीपत्र’. कचेरीच्या व्हरांड्यात बसलेल्या एकेचाळीस कंत्राटी शिक्षकांच्या हातात नव्या करारासाठी मागच्या वेळचाच हा कागद होता, आणि पाचच्या आत त्यावर सही करायची होती. नाही केली तर सोमवारपासून शाळेवर दुसरं माणूस.

तिची कानशिलं तापली. मेल्यांनो, टाईप तरी करून घ्यायचं!

मागच्या जूनमध्ये — याच कचेरीत — लाईट गेली होती. इथला कारकून बाळासो टेबलावरून मान वर करून म्हणाला होता, “मॅडम, तुमचं अक्षर म्हंजे मोती हायत की. एवढा मसुदा उतरून द्या, साहेब गडबडीत हायत.” आणि ती फुलून गेली होती. सवयच ती! गावी, गडमुडशिंगीत, विहाराचा फलक तिनंच लिहायचा, गल्लीतल्या कुणाचा रेशनकार्डाचा अर्ज असो की नळाचा, तोही तिनंच. तिचे वडील, दादासो, लोकांना सांगत सुटायचे, “आमच्या क्रांतीच्या हातचा अर्ज माघारी येत न्हाय.” तर बसली होती ती ओठ आवळून, ओळी सरळ येतायत ना एवढंच बघत. सात कलमं, आणि प्रत्येकाच्या सुरुवातीला ‘मी’. मी कायम नोकरीचा हक्क सांगणार नाही... मी मागील सेवा धरण्याची मागणी करणार नाही... वाचलं नव्हतं का? वाचलं होतं की. अक्षर वाचलं होतं, मजकूर नाही. चौथीतल्या पोरांनी असं केलं तर मी त्यांना उभं करते — काय लिहिलंस ते सांग बघू, फळ्यावरचं नुसतं उतरवू नकोस — आणि मी?

शाहूवाडीकडच्या डोंगरातली तिची शाळा म्हणजे एक खोली, चार इयत्ता, चौदा मुलं. दर अकरा महिन्यांनी करार संपायचा आणि मध्ये चार दिवसांचा खंड पडायचा, म्हणजे सेवा सलग धरायला नको. खंड कागदावर. ती त्या चार दिवसांतही जायची, कारण तिच्याशिवाय कुलूप उघडणारं कुणी नव्हतं. हजेरीत मुलं हजर आणि बाईच नाहीत, असा कारभार. त्या खंडाविरुद्ध सगळ्यांनी मिळून कोर्टात अर्ज केला होता, आणि गेल्या आठवड्यात वकील कपाळाला हात लावून म्हणाले होते, “अहो, पण मागची सेवा मागणार नाही असं तुम्ही लिहून कसं दिलंत?”

लिहून कसं दिलंत... सगळ्यांनी नुसत्या सह्या केल्या होत्या, वकीलसाहेब. लिहून मी दिलं होतं.

शेजारी प्रीती बसली होती, हुपरीची, डी.एड.पासूनची मैत्रीण. तिनं सातवं कलम मोठ्यानं वाचलं, “‘मी कोणत्याही न्यायालयात दाद मागणार नाही.’ आणि नटवून कसं लिवलंय बघ, लग्नपत्रिकाच जणू! ज्यानं लिवलंय त्याचा हात झडो.”

“व्हय,” क्रांती म्हणाली.

आणि मग राग कुठे ठेवावा हेच तिला कळेना. तीन वर्षांत एकदाही मान वर करून न बघितलेल्या साहेबांवर ठेवला, सकाळी हसून खुर्ची देणाऱ्या बाळासोवर ठेवला, काही कारण नसताना दादासोंवरही ठेवून बघितला — तरी तो उरलाच, आणि उरलेला सगळा तिच्या उजव्या हाताच्या तीन बोटांत येऊन बसला.

“क्रांती मॅडम, जरा आत या की.”

बाळासोच्या टेबलावर मूळ प्रत होती, निळ्या शाईतली. त्यानं पेन पुढे केलं.

“एकच ओळ हाय. साहेबांनी आत्ता सांगितलंय. ह्या साताखाली आठवं घाला — कोर्टातला अर्ज मी माघारी घेत आहे म्हणून. वाटलेले कागद गोळा करून नवीन वाटतो. टाईप केलं तर मागनं घुसडलेलं दिसतंय. तुमच्या हातचं कसं, एकसारखं हुतंय.” मग आवाज खाली आणून, “गडमुडशिंगीची जागा मोकळी व्हायलीया. घरापास्नं चालत जाशीला. मी बघतो.”

“आणि न्हाय लिवलं तर?”

“आवो, तसं कोण म्हणतंय!”

चालत जायचं. दोन एस.ट्या नाहीत, पावसात डोंगर चढणं नाही, संध्याकाळी वडिलांच्या हातचा चहा... तिनं पेन घेतलं. ‘८.’ काढला. पुढे ‘मी’. वेलांटी वरच्या सातांसारखीच गोल आली, आणि तिथे पेन थांबलं.

“अगं, किती येळ?” प्रीती दारातून आत आली होती, बोलत बोलत टेबलाशी पोचली. तिची नजर ओल्या शाईवर गेली, मग हातातल्या झेरॉक्सवर, मग पुन्हा शाईवर. क्रांतीचा डावा तळवा आपसूक कागदावर गेला, पाटी झाकणाऱ्या पोरासारखा. एक क्षण तिथेच राहिला. मग तिनं तो उचलून मांडीवर घेतला.

“तू?”

“व्हय. मीच.”

“लिवा की मॅडम,” बाळासो म्हणाला, “पाच वाजत आलं.”

रागानं हात थरथरेल, अक्षर बिघडेल, असं तिला वाटलं होतं. हात तर अगदी स्थिर होता, आणि तिला त्याचीच धास्ती वाटली. ‘मी’च्या पुढची ओळ कोरी होती. बाळासोनं सांगितलेले शब्द कानात होते, पण ते आता नुसते उतरवता येईनात. एकेक शब्द तिला वाचावा लागत होता. समोर प्रीती उभी होती, आणि तीही वाचणार होती.