पेटी उघडायची नाही

यंदा पेटीच्या तासाला मी पर्समध्ये बाबांची पटाशी घेऊन गेले.

पेटी बाबांनीच केलेली. ते सुतार. मला विज्ञान शिकवायची नोकरी लागली तेव्हा त्यांनी वीतभर लाकडी पेटी केली, आत काहीतरी टाकलं आणि झाकण कायमचं चिकटवून टाकलं. आत काय, ते मलाही सांगितलं नाही. "मास्तरीण ना तू? मग शोध की!" तेव्हापासून दर वर्षी सातवीची मुलं ती हलवतात, तिरकी करतात, लोहचुंबक फिरवतात, जे कळलं ते वहीत लिहून अंदाज बांधतात. नियम एकच, पेटी उघडायची नाही. निसर्ग कुणाला झाकण उघडून उत्तर दाखवत नाही, असं मी एकोणीस वर्षं ठणकावून सांगत आलेय.

दोन महिन्यांपूर्वी बाबा गेले. शेवटच्या आठवड्यात मी हातापाया पडले, "आता तरी सांगा ना!" नुसते हसले. असा राग आला होता! अजूनही येतो, आणि मग इतकी आठवण येते की घास उतरत नाही. त्यांच्या हातची, पेटीत दडलेली ही एकच गोष्ट मी पाहिली नव्हती. म्हटलं, नियम गेला खड्ड्यात.

पेटी बाकांवरून फिरू लागली. "घरंगळत नाही, घसरते." "चुंबकाला दाद देत नाही." मागच्या बाकावरची एक मुलगी, जिला सगळे वकील म्हणतात, ती म्हणाली, "बाई, ज्यांनी केली त्यांनाच विचारा ना!"

"ते आता नाहीत," मी म्हणाले. पेटी घेतली आणि पटाशीची धार झाकणाच्या सांध्याला लावली.

"बाई, चीटिंग!" अख्खा वर्ग ओरडला. वकील तर थेट टेबलापाशी आली. "तुम्हाला तरी माहितीये का आत काय आहे?"

हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. बाईंना ठाऊक असणार, असं सगळे धरूनच चालत.

"नाही," मी म्हणाले.

तिने पेटी माझ्या हातातून हळूच काढून घेतली. "मग तुम्ही पण शोधा आमच्यासारखं. पण रांगेतून हं, मध्ये घुसायचं नाही."

मी पटाशी ठेवून दिली आणि सगळ्यात मागे उभी राहिले. एकोणीस वर्षांत मी स्वतः कधी पेटीला कान लावला नव्हता. घाई काय, विचारायला बाबा आहेत, असंच वाटायचं.

पाळी आली. पेटी कानाशी धरून तिरकी केली. आत काहीतरी सावकाश घसरलं आणि कडेला टेकलं.

"झालं का, बाई?" वकिलाने विचारलं.

"अजून एकदा," मी म्हणाले.