थुंकायचं नाही

"ताई, माझी पोरं पाडव्याचा कडुलिंब हसत हसत खातात," उन्मेषने खेडहून आलेल्या थोरल्या बहिणीला ठणकावून सांगितलं.

"तू तर माडाच्या आळ्यात थुंकायचास," ताई म्हणाली.

"इथे जो थुंकेल त्याला साखरेची गाठी नाही!"

हा हुकूम सहा वर्षांच्या शौनकने आणि चार वर्षांच्या ओवीने नीट ऐकला. दोघांनी कडुलिंब-गुळाचा गोळा तोंडात टाकला आणि खरंच, थुंकलं कोणी नाही. उन्मेषची मान ताठ झाली.

"आता आत्याला नमस्कार करा, गाणं म्हणून दाखवा," त्याची बायको उल्का म्हणाली.

पोरं वाकली. गाणं काही येईना. शौनकचा गाल सुपारी ठेवल्यासारखा फुगलेला, ओवीच्या हनुवटीवर हिरवा ओघळ आणि डोळ्यांत पाणी.

"अगो बाय माझी! थुंक ते," ताई कळवळली.

ओवीने ताटातल्या गाठीकडे बघत जोरजोरात मान हलवली.

उन्मेष विरघळला. "थुंका रे बाळांनो. गाठी दोघांनाही."

पोरं अंगणात पळाली आणि तोंड धुऊन आली.

"आणि तू रे? तू कधी खाणार?" ताईने विचारलं.

"हा बघ!" म्हणत उन्मेषने अख्खा गोळा तोंडात कोंबला आणि ऐटीत ओवीच्या गळ्यात गाठी घालायला वाकला. तेवढ्यात त्याला ठसका लागला.

गाठी हिरवी झाली. ओवीही.