'एका उपकरणात अडचण आहे'

मित्रांनो, मी एक जुनी सूचना आहे. संगणकाच्या पडद्यावर खालच्या कोपऱ्यात टुणकन उगवणारी, पिवळ्या त्रिकोणाची. मला बघून तुम्ही नाक मुरडत असाल. खुशाल मुरडा. मला स्वतःचीच किळस येते.

जन्मले तेव्हा मी अशी नव्हते. मला लिहिणाऱ्या बाईंनी मायेने लिहिलं होतं: कोणतं उपकरण थांबलं, कुठे जोडलंय, का थांबलं, आता काय करायचं. मग त्यांचे साहेब आले. म्हणाले, "एवढं कोण वाचतंय? लोक घाबरतील. उडवा!" माझं नाव गेलं, गाव गेलं. उरलं ते एवढंच: 'एका उपकरणात अडचण आहे.' आणि खाली बटण: 'ठीक आहे.' अडचण आहे आणि ठीकही आहे! असलं गुळमुळीत तोंड घेऊन मी घरोघर फिरले.

फिरत फिरत एका अंडी उबवण्याच्या खोलीत आले. तिथे एक काका-काकू काम करत. रोग शिरून त्यांच्या साऱ्या कोंबड्या गेल्या होत्या. मागे उरली ती उबवणी यंत्रातली अंडी. त्या कोंबड्यांचा वंश आता तेवढ्याच टरफलांत होता. आतली ऊब किती, ते तापमापक संगणकाला सांगे आणि संगणक यंत्र तापवी.

पण संगणक भारी काटकसरी. बराच वेळ कुणी हात लावला नाही, की वीज वाचवायला तो तापमापकालाच झोपवून टाकी. अंडी गार पडू लागत. अंडी का गार पडतात, ते संगणकाला पक्कं ठाऊक असे. सांगायचं काम माझं. मी उगवे आणि तेच रडगाणं गाई.

"अहो, ते पुन्हा आलंय," काकू म्हणत.

"येऊ दे. 'ठीक आहे' दाब, जातं ते."

कधी काका वायर काढून पुन्हा खोचत. त्या हिसक्याने तापमापक जागा होई. "बघ, वायरच ढिली होती!" नवी वायर आली. तापमापक परत झोपला.

एका दुपारी एक अंडं फुटलं. हिरवट, चिकट पाणी जाळीवरून ओघळलं. मला नाक नाही, पण काकूंनी बाहीने नाक दाबलेलं मी पाहिलं. त्यांनी एकेक अंडं विजेरीसमोर धरलं. काळं. काळं. पुन्हा काळं. मधूनच एखाद्यात लाल शिरांचं जाळं, आणि त्यात हलणारा जीव. काका कुजलेली अंडी बादलीत टाकत होते. आणि मी काय म्हणत होते? 'एका उपकरणात अडचण आहे.' शी!

काकूंनी संगणकवाल्यांच्या मदत केंद्राला फोन लावला.

"पडद्यावर काय लिहिलंय, वाचून दाखवा," तिकडची ताई म्हणाली.

"एका उपकरणात अडचण आहे."

"कोणत्या उपकरणात?"

"अगं बाई, तेच तर मी तुला विचारतेय! तुमचंच वाक्य ना हे? इथे माझी पिल्लं कुजताहेत, आणि हे ठीक आहे म्हणतंय!"

ताई म्हणाली, "काकू, फोन ठेवू नका." तिने काकूंकडून पडद्यावर एकेक पान उघडवलं. तळाशी एक बारीक चौकोन होता, आधीच खूण केलेला: 'वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करावे.' काकूंनी खूण काढली.

"म्हणजे याला माहीत होतं?" काका पुटपुटले.

"सगळं माहीत होतं मेल्याला!"

उरलेल्या अंड्यांतून मोजकी पिल्लं टोचा मारत बाहेर आली, ओली, थरथरती. ताईने ते बोलणं मला लिहिणाऱ्या बाईंना जसंच्या तसं ऐकवलं. आता मी म्हणते, 'तापमापक वीज वाचवण्यासाठी झोपवला आहे. जागा ठेवायचा?' बादलीत गेलेल्यांना त्याचा काय उपयोग?

मित्रांनो, तुमच्यातलं कुणी उद्या माझ्यासारखी वाक्यं लिहील. तेव्हा बिघडलेल्या वस्तूचं नाव लिहा, कारण लिहा. ते वाचणाऱ्याच्या हातात एखादं कोमट अंडं असेल.