स्वखुशीने

“गुरुजी, उत्तरं सगळी बरोबर आहेत. पण असा चेहरा करून बसलात तर साहेबाला वाटेल, याला कुणीतरी धरूनच आणलंय,” मेनुका म्हणाली. “जरा हसा की!”

अमेरिकेतल्या अॅक्रन शहरात, देवळाच्या तळघरात नागरिकत्वाच्या परीक्षेची तयारी करायला बसलेली म्हातारी मंडळी खो खो हसली. नरपती गुरुजी तेवढे हसले नाहीत.

“त्यांना कशाला सांगतेस? मला बघ,” भद्रमाया आजी म्हणाली. “वसाहती किती होत्या विचारलं की मी हसते, राज्यघटना कधी झाली विचारलं की हसते. उत्तर येत नाही ना, मग दुसरं करणार काय!”

गुरुजींची मुलाखत गुरुवारी होती. वयामुळे नेपाळीतून उत्तरं द्यायची सवलत होती, मध्ये दुभाषा असणार होता. नेपाळी बोलणाऱ्यांना भूतानमधून हाकलल्यावर नेपाळमधल्या निर्वासितांच्या छावणीत त्यांनी बांबूच्या शाळेत पोरं शिकवली. मेनुका त्यातलीच एक, आता तीच त्यांची परीक्षा घेत होती. अमेरिकेत येऊन सोळा वर्षं झाली तरी नागरिकत्वाचा अर्ज करायचं ते टाळत आले होते. पण यंदा पलीकडच्या गल्लीतल्या, नागरिकत्व नसलेल्या दोघांना पकडून विमानात बसवून देशाबाहेर काढलं, तेव्हा पवित्राबाईंनी नवऱ्यापुढे हात जोडले. “अहो, पुन्हा बोचकं बांधायची ताकद नाही हो माझ्यात.”

“चला, शेवटचा प्रश्न,” मेनुकाने साहेबी आवाज काढला. “जुन्या देशाची निष्ठा सोडून ही शपथ तुम्ही स्वखुशीने घेताय ना?”

गुरुजींनी समोरची वही मिटली.

“‘हो’ म्हणायचं, गुरुजी. एवढंच.”

“एकदा म्हणून झालंय,” गुरुजी म्हणाले. “घर सोडलं त्या दिवशी. टेबलावर कागद होता. आम्ही स्वखुशीने देश सोडतो, असं त्यात लिहिलंय म्हणे. ती लिपी मला येत नव्हती. सही केली. मग कॅमेरावाला म्हणाला, हसा. दारात शिपाई उभे, पवित्राला सातवा महिना. हसलो मी. चांगला दात दिसतील असा हसलो.”

वर देवळात कुणीतरी घंटा वाजवली.

“आम्हालाही हसायला लावलं होतं,” भद्रमाया आजी हळूच म्हणाली.

मेनुकाने त्या दिवशी पुन्हा तो प्रश्न विचारला नाही.

गुरुवारी समोर बसलेली अधिकारी तरुण होती, बोलायला मऊ. दुभाष्याचा आवाज फोनमधून येत होता. गुरुजींची उत्तरं भराभर आली, एकही चुकलं नाही. मग तिने संगणकावरची नजर काढून शेवटचं विचारलं, “हे सगळं स्वखुशीने ना? कुणाचा दबाव नाही ना?”

गुरुजी दाराकडे बघत राहिले. दुभाष्याने प्रश्न पुन्हा सांगितला. बाहेर बाकावर पवित्राबाई बसल्या होत्या. आज ‘हो’ निघालं नाही, तर त्यांना काय सांगायचं?

“मॅडम,” गुरुजी म्हणाले, “हसावं लागतं का?”

दुभाषा अडखळला. नीट ऐकलं ना, म्हणून त्याने एकदा विचारून घेतलं आणि मग ते इंग्रजीत सांगितलं.

“नाही,” ती बाई गोंधळून म्हणाली. “अजिबात नाही. का?”

गुरुजी खुर्चीत पुढे सरकले. “मग सही करायच्या आधी शपथेचा सगळा कागद मला वाचून दाखवा. माझ्या भाषेत.”

तिने घड्याळाकडे पाहिलं. दाराबाहेर पुढची माणसं खोळंबली होती. तरी तिने तो कागद मोठ्याने वाचायला घेतला आणि फोनमधून दुभाषा एकेक ओळ नेपाळीत सांगू लागला. गुरुजी पाठ ताठ करून ऐकत होते. जुन्या देशाचं सगळं सोडून देण्याची ओळ आली तेव्हा त्यांनी हात वर केला.

“हे पुन्हा एकदा.”

तिने ती ओळ पुन्हा वाचली, दुभाष्याने पुन्हा सांगितली. भूतानमध्ये चिरांगच्या उतारावर त्यांची संत्र्यांची बाग होती. कोण पाणी घालत असेल तिला, कोण जाणे.

“ऐकलं,” गुरुजी म्हणाले. “हो. पुढे वाचा.”

शेवटची ओळ संपल्यावर त्यांनी चष्मा पुसला आणि पेन मागितलं.