खेचरांवर साडेनऊ

ऑक्टोबरातल्या शनिवारी चटोमात कुणी लग्न काढत नाही. मयतसुद्धा लोक शुक्रवारी उरकून घेतात किंवा रविवारवर ढकलतात. शनिवारी कॉलेजच्या संघाचा सामना असतो, चेंडू हातात घेऊन पळायच्या अमेरिकी फुटबॉलचा, आणि गेलेला माणूस गावचाच असेल तर त्यालाही तो चुकवायचा नसतो, असं खुद्द पाद्रीबाबा म्हणतात. म्हणून बर्मिंगहॅमचा बुकी बड फिंचर याच्या मुलीनं ऐन ऑक्टोबरात शनिवारी दुपारी लग्न ठेवलंय हे कळलं तेव्हा ड्यूइट लॅव्हेंडरला ती थट्टा वाटली. नवरामुलगा कॅलिफोर्नियाचा होता. त्याला कोण काय सांगणार!

थट्टेचा अर्थ शुक्रवारी संध्याकाळी कळला. बडच्या बायकोनं त्याचा फोन काढून घेऊन आपल्या पर्समध्ये कोंबला आणि पर्स मांडीवरून खाली ठेवली नाही. ड्यूइटनं अकरा वेळा फोन लावला. अकराव्यांदा तिनं उचलला आणि म्हणाली, "ड्यूइट, माझ्या लेकीचं लग्न आहे. तू आणि तुझी खेचरं, दोघंही खड्ड्यात जा."

खेचरं म्हणजे चटोमा कॉलेजचा संघ. आणि ड्यूइट म्हणजे गावचा बुकी. दर्शनी भागात त्याचं नि बायको वीडाचं भाजलेल्या बरगड्यांचं हॉटेल, मागे वीडाच्या बापानं स्वतःच्या हातानं बांधलेली विटांची भट्टी, आणि मधल्या खोलीत पैजा, सगळ्या उधारीवर, हिशेब मंगळवारी. हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. शेरीफचा हवालदारही दर सामन्याला वीस डॉलर लावायचा, त्यामुळे त्यालाही ठाऊक नव्हतं असं म्हणता येत नाही.

धंदा साधा होता. लावणाऱ्याला पैसे मिळायचे तर खेचरं नुसती जिंकून भागायचं नाही, ठरल्या आकड्यापेक्षा जास्त गुणांनी जिंकायला हवीत. या आठवड्यात वॉकर व्हॅलीविरुद्ध टीव्हीवर आकडा होता साडेआठ. ड्यूइटकडे तो साडेनऊ होता. हा वरचा एक गुण ही वीडाची शक्कल. लग्नानंतर दोन मोसम तिनं गिऱ्हाइकं न्याहाळली आणि नवऱ्याला म्हणाली, "ही माणसं डोक्यानं लावत नाहीत, छातीनं लावतात. वीसचा आकडा दिलास तरी खेचरांवरच लावतील. एक गुण वाढव. कुणी हूं की चूं करणार नाही." कुणी केलं नाही. पंधरा वर्षं तो एक गुण हॉटेलचं छप्पर शाकारत आला.

अडचण एकच. सगळं गाव एकाच बाजूला बसलं की होडी कलंडते. म्हणून दर शुक्रवारी ड्यूइट जादा ओझं बडकडे उतरवायचा. बड मोठा बुकी, त्याच्याकडे दुसऱ्या बाजूचीही माणसं असायची. या शुक्रवारी बड चर्चमध्ये फुलं कुठं लावायची ते बघत होता, आणि गावाचा सगळा पैसा ड्यूइटच्या एकट्याच्या डोक्यावर राहिला. खेचरं दहा गुणांनी जिंकली तर एक्केचाळीस हजार द्यायचे. घरात होते सोळा.

राहिलेले कुठून येणार, हे शनिवारी दुपारी डीकन हॉबर्ट क्रॅबट्रीनंच सांगितलं. चर्चचा विश्वस्त, गाड्या धुण्याच्या तीन केंद्रांचा मालक, आणि एकट्यानं दहा हजार लावलेला गडी. सामना सुरू व्हायच्या आधीच तो टीव्हीसमोरच्या टेबलाशी येऊन बसला.

"बडच्या मुलीचं लग्न ना आज?" वीडानं चहाचा ग्लास पुढे ठेवला तसा तो म्हणाला. "मलाही आमंत्रण होतं. पण शनिवारी कोण जातंय!"

"भेट तरी पाठवलीत की नाही?"

"पाठवली. टोस्टर." त्यानं गोड थंड चहाचा घोट घेतला आणि भिंतीकडं बघितलं. "मिस वीडा, उगाच मनाला लावून घेऊ नका. खेचरं जिंकली आणि द्यायला पैसे नसले तर नसले. ही कोपऱ्यावरची जागा माझ्या नावावर करा, बाकीच्यांचे पैसे मी चुकते करतो. गावात कुणाचं बुडायला नको."

"आणि भट्टी?"

"भट्टीचं काय? गाड्या धुवायला भट्टी लागत नाही."

वीडा हसली. बुकीच्या बायकोला शनिवारी हसावंच लागतं. अंगात खेचरांचा तपकिरी शर्ट, गालावर सोनेरी रंगाचा पट्टा, आणि ओरडणं गावात सगळ्यांत मोठं. बुकी मनातून आपल्या विरुद्ध आहे अशी शंका आली की गिऱ्हाईक पुढच्या शनिवारी बरगड्या दुसरीकडे खातं. पंधरा वर्षं ती ओरडत आली होती, आणि ओझं बडकडे असल्यामुळे त्या ओरडण्याचा काही खर्च नव्हता. आज प्रत्येक आरोळीला किंमत होती.

मध्यंतराला सतरा-सात. म्हणजे दहाचा फरक. वीडानं टाळ्या वाजवल्या. मध्यंतरानंतर खेचरांनी चेंडू शेवटच्या रेघेपलीकडे नेऊन आणखी एक टचडाउन केला, वर किक मारून सातवा गुणही घेतला, आणि फरक सतरावर गेला. हॉटेलात चाळीसेक माणसं होती, ती टेबलं बडवायला लागली. ड्यूइट लाकडं सारखी करतो म्हणून भट्टीकडे गेला. लाकडं सकाळीच सारखी केलेली होती.

"हे छप्पर काढावं लागेल," डीकन वर बघत म्हणाला. "ट्रक आत शिरायला पाहिजेत."

"डीकन, आधी पुढ्यातलं ताट तरी संपवा," नेटी स्वॉफर्ड म्हणाली. नेटी शाळेची बस चालवायची, आणि या सामन्यावर तिचे चाळीस डॉलर होते. "तुमचा नांगर फार लवकर शेतात शिरतो बाई!"

सामन्याच्या शेवटच्या पाव भागात व्हॅलीनं एक टचडाउन परत केला. चोवीस-चौदा. अजून दहा. अजून ड्यूइट बुडालेलाच. वीडा गिऱ्हाइकांसोबत हळहळली, आणि ताटं उचलायच्या निमित्तानं टेबलाची कड घट्ट धरून राहिली. मग खेचरांच्या हातून चेंडू निसटला, व्हॅलीनं तो उचलून पुन्हा टचडाउन केला आणि किकही घातली. चोवीस-एकवीस.

टेबलं बडवायचं थांबलं. आता कुणाला साडेनऊ आठवत नव्हते. सामनाच हातचा जातो की काय हा घोर लागला होता. एकटी वीडा आतून सुटली होती. तीनचा फरक. खेचरं जिंकोत, तीननं जिंकोत, सगळं गाव खूष आणि भट्टी जागच्या जागी. ड्यूइट दारात येऊन उभा होता. तिनं त्याच्याकडं बघून मान इतकी थोडी हलवली की ती फक्त नवऱ्यालाच दिसावी.

शेवटचा डाव. व्हॅलीकडे चेंडू, मैदान सगळं समोर पडलेलं, आणि घड्याळात जेमतेम एक डाव पुरेल एवढा वेळ. अशा वेळी जे करतात तेच त्यांनी केलं. एकानं चेंडू धरला, पकडला जाणार तोच मागच्याकडे फेकला, त्यानं आणखी मागच्याकडे. घड्याळ शून्यावर आलं तरी डाव चालूच होता. पडत, धडपडत, एकमेकांकडे फेकत ते आपल्याच हद्दीकडे सरकत होते. मग एकाच्या बोटांवरून चेंडू उडाला आणि गवतावर टप्पे खात खेचरांच्या एका पोरापुढे जाऊन पडला. एकशेचाळीस किलोचं धूड. जन्मात त्याच्या हाती कुणी चेंडू दिला नव्हता. त्यानं तो पोटाशी धरला आणि धावत सुटला.

"खाली बस!" ड्यूइट दारातून पुटपुटला. "अरे बाबा, खाली बस. जिंकलायस ना!"

ते पोरगं कसलं बसतंय. ते धावत होतं, पोट हलत होतं, शिरस्त्राण डोळ्यांवर आलं होतं, आणि मागून व्हॅलीचे दोघे त्याचा शर्ट ओढत होते.

"पळ!" कुणीतरी किंचाळलं. "पळ रे माझ्या राजा, पळ!"

आपणच किंचाळतोय हे वीडाला नेटीच्या पाठीत दुसरा गुद्दा घातल्यावर कळलं. तोवर पोरगं रेघेपलीकडे जाऊन आडवं झालं होतं.

छताला लागून आरोळी उठली. टचडाउनचे गुण सहा, पण चटोमात लहान पोरसुद्धा सातच धरतं. वरची किक चुकत नाही, म्हणून ती मोजायचीही कुणाला सवय नाही. वीडानंही सातच धरले. चोवीस नि सात एकतीस. एकतीस-एकवीस. दहा. तिनं ॲप्रनची गाठ सोडली, घडी घातली आणि गल्ल्याशेजारी ठेवली. बापानं एकेक वीट कुठल्या पडक्या शाळेतून आणली होती, ते ती मनातल्या मनात म्हणत होती. आणि लाज याची वाटत होती की घसा अजून आनंदानंच दुखत होता.

डीकन खुर्ची सरकवून उठला. येऊन त्यानं भिंतीवर हात ठेवला, घोड्याच्या पाठीवर ठेवावा तसा. "ड्यूइट, कागद सोमवारी करू. आज आनंदाचा दिवस आहे."

"पण किक?" नेटी म्हणाली. "किक कधी मारतायत?"

सगळे टीव्हीकडे वळले. मैदानात बँड शिरला होता. प्रशिक्षक एकमेकांचे हात हातात घेत होते. पंच टोप्या काखेत मारून निघाले होते. पडद्याच्या कोपऱ्यात आकडे होते तीस आणि एकवीस.

"मारणार नाहीत," ड्यूइट दारातूनच म्हणाला. "वेळ संपलीय. एका गुणानं निकाल बदलणार नसेल, तर अशा वेळी किक मारतच नाहीत. नियम आहे."

"माझा निकाल बदलतो ना!" डीकन ओरडला.

चाळीस माणसं मनातल्या मनात वजाबाकी करत होती. नऊ. नऊ म्हणजे साडेनऊला अर्धा कमी. आणि मग, एकेक करून, सगळ्यांना टीव्हीचा आकडा आठवला.

"साडेआठ होता," डीकन सावकाश म्हणाला. "सगळ्या देशात साडेआठ. देशात प्रत्येक माणूस आज जिंकलाय. एक या खोलीतली माणसं सोडून. हा वरचा एक गुण कुणाचा, ड्यूइट? व्हॅलीनं घातला की तू?"

ड्यूइटनं तोंड उघडलं.

"माझा," वीडा म्हणाली. "पंधरा वर्षं मीच वाढवतेय. टीव्ही तुमच्याही घरी आहे. नको होता तर दुसऱ्या बाजूनं लावायचंत. व्हॅलीच्या गुणांत वर साडेनऊ धरून! घरबसल्या मिळत होतं. लावलं कुणी?"

"खेचरांच्या विरुद्ध?" मागून कुणीतरी दुखावल्या आवाजात विचारलं.

"वा!" डीकन गिऱ्हाइकांकडे वळला. "म्हणजे बघा. आपल्या प्रेमावर ही बाई कर बसवते. आणि रंग फासून आपल्यातच बसते. आपण हरावं म्हणून देवाला हात जोडते आणि तोंडानं ओरडते! मी एक सेंट देणार नाही. कुणी देऊ नका."

खोली हलली. वीडाला ती हललेली कळली, होडी कलते तशी. डीकननं दिले नाहीत तर कुणीच देणार नाही; आणि पैसे जाऊ देत, सोमवारपासून इथं कुणी येणार नाही. ज्या भट्टीवर कुणी जेवायला येत नाही, ती डीकनला नाताळच्या आधी अर्ध्या किमतीत मिळेल.

"डीकन," नेटी म्हणाली, "तुम्ही पुढे बसला होतात. तुम्हाला मागचं दिसलं नाही."

"काय दिसलं नाही?"

"ते धूड पळायला लागलं तेव्हा ही माझ्या बाजूला होती. या बाईनं माझ्या पाठीत असे गुद्दे घातलेत की उद्या चर्चमध्ये मला बसता यायचं नाही. पळ म्हणून ओरडत होती. हिचं घरदार घेऊन चाललं होतं ते पोर, आणि ही त्याला पळ म्हणत होती! असं नाटक कुणाला येतं? तुम्हाला येईल?"

"मीही ऐकलं," दुसऱ्या टेबलावरून आलं.

"अख्ख्या गल्लीनं ऐकलं असेल."

डीकननं वीडाकडं बघितलं. तिच्या गालावरचा सोनेरी पट्टा ओघळून हनुवटीपर्यंत आला होता. तो बघत राहिला, जुनी गाडी विकत घेताना बघावं तसा, ठोकून कुठं पोचा आलाय का ते. मग त्यानं भिंतीवरचा हात काढला.

"मंगळवारी आणून देतो," तो म्हणाला. "आणि एक ताट बांधून द्या. रस्सा वेगळा."

वीडा मागे गेली. बरगडी फळीवर ठेवली, सुरी उचलली, आणि न कापताच पुन्हा ठेवून दिली. ड्यूइट मागोमाग आला.

"खरंच ओरडलीस?"

"हो."

"मला वाटलं, रोजचंच."

"रोजचं मला कळतं, ड्यूइट. ते मी मुद्दाम काढते. हे आपोआप आलं." ती लाकडाच्या थप्पीवर बसली. "पुढच्या शनिवारपासून खेचरांवरच्या पैजा बंद. बाकी कुठल्याही संघावर घे."

"बाकी संघांवर इथं लावतंय कोण? वीडा, बरगड्यांत वर्षाला काय सुटतं माहीत आहे ना तुला? सगळं तिकडूनच येतं. तूच तर..."

"आकडा मला सांगू नकोस. मीच मांडलाय तो." तिनं सुरी पुन्हा हातात घेतली. "सोळा आहेत घरात, मंगळवारी आणखी येतील. त्यात छप्पर घालू आणि वर्षभर ताटं वाढू. त्यानंतर जे होईल ते. पण असं पोर पुन्हा धावलं तर मला मनातून 'खाली बस' म्हणायचं नाहीये."

ड्यूइटनं भट्टीचं दार उघडलं, निखारे पुढे ओढले आणि आत दोन लाकडं घातली.

"मिस वीडा!" बाहेरून डीकनचा आवाज आला. "रस्सा वेगळा म्हटलं होतं, पण कोबी विसरू नका!"

"आले!" ती म्हणाली, आणि कापायला लागली.